मोडीच्या लोखंडातून घडणारी हत्यारे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय वाचून काही स्नेह्यांनी आम्हांस हटकले. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्ती-निधी, वधूवर-सूचक मेळावा असे जिव्हाळ्याचे विषय समोर असताना हे भंगार कशाला काढलेत, असा त्यांचा सवाल होता. सवाल थट्टेचा होता. तथापि त्याचे उत्तर आम्हांस थट्टेवारी द्यावयाचे नाही.

गेल्या काही वर्षांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या चारही विभागांतील सभासद-कुटुंबांकडे जाण्याचे प्रसंग आम्हांस वारंवार आले. जुन्या चाळी आणि बैठी घरे पाडून तेथे उंच मनोरे उभे राहत आहेत, ही गोष्ट आपणा सर्वांच्या अनुभवाची आहे. ज्यांचे तळमजल्यावर अथवा मागील पडवीत छोटेखानी कारखाने होते, त्यांस अकराव्या-बाराव्या मजल्यावर हवेशीर सदनिका मिळाल्या. त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु सामानाची बांधाबांध होताना एक वस्तू बहुतेक घरी मागे राहिली. ती म्हणजे आजोबांची ऐरण. एवढे धूड वर नेणार कोण, आणि नेऊन ठेवणार कोठे? तेव्हा भंगारवाल्यास हाक मारली गेली, आणि ऐरण, घण, पाचपंचवीस सांडशा, सुंबे, छिन्न्या हे सारे एका काट्यावर, एकाच भावाने गेले.

मोडीतून आलेले लोखंड मोडीत परत गेले, यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. जे वजनाने गेले त्याचे आम्हांसही फारसे दुःख नाही. त्या सांडशीच्या जबड्याच्या वळणात आणि त्या छिन्नीच्या धारेत जी विद्या होती, ती मात्र काट्यावर चढली नाही. ती कोणी मोजली नाही, आणि घरातील कोणी मागूनही घेतली नाही. त्या विद्येविषयी आज बोलावयाचे आहे.

लोहार आणि इतर कारागीर यांच्यात एक मूलगामी भेद आहे. सुताराचा वाकस व पटाशी, पाथरवटाची टाकी, सोनाराची हातोडी, कुणब्याचा विळा, कोयता आणि नांगराचा फाळ, ही सारी लोहाराच्या भट्टीतून निघतात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील बलुतेदारांची हकीकत ज्यांनी वाचली असेल त्यांस हे ठाऊक आहे. पण लोहाराचे हत्यार कोण घडवितो? लोहारच घडवितो. जगात हा एकच धंदा असा की ज्याला आपली ऐरण सोडून बहुतेक सर्व साधने आपल्याच भट्टीत निर्माण करता येतात. आणि ऐरणीचाही मार्ग पुढे सांगणार आहोतच.

आता कोणी म्हणेल की, सांडशी काय, हातोडी काय, नागदेवी स्ट्रीटला गेले म्हणजे वाटेल तेवढी मिळतात. मिळतात खरी. परंतु दुकानातील सांडशी एका मापाची असते आणि आपले काम दहा मापांचे असते. चौकोनी गज धरावयाचा तर जबड्याला खाच हवी. गोल सळई धरावयाची तर जबडा पन्हळीसारखा हवा. चपटी पट्टी धरावयाची तर तो सपाट हवा, आणि दोन्ही ओठ पट्टीच्या जाडीइतके दूर राहून समांतर मिटावयास हवेत. सांडशीत लाल लोखंड जरासे हलले की घाव तिरपा बसतो, आणि तुकडा उडाला तर शेजाऱ्याच्या अंगावर जातो. म्हणून नवीन काम आले की आमचे वडीलधारे प्रथम त्या कामाची सांडशी घडवीत, मग काम. काही घरांत अशा तीस-तीस, चाळीस-चाळीस सांडशा भिंतीला टांगलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या घराण्याने आयुष्यात कोणकोणती कामे केली याची ती वहीच होती म्हणा ना!

ही साधने मोडीच्या लोखंडातून का घडू लागली, हेही समजून घेतले पाहिजे. नागपूरजवळच्या नैकुंड येथील उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडली आहे. ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे एके काळी आपल्या मुलखातील कारागीर खनिज दगडापासून लोखंड काढीत होते. पुढे विलायतेचे आयात लोखंड स्वस्त पडू लागले, आणि या शतकांच्या धंद्यावर पाणी पडले. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली तिच्या भट्ट्यांतून पोलाद निघू लागले, तेव्हा आपल्या लोहाराला दगडाकडे वळण्याचे कारणच उरले नाही. त्याची खाण बदलली. मोडलेले यंत्र, गंजलेला रूळ, तुटलेला पाटा, ही त्याची नवी खाण झाली.

आणि या खाणीच्या तोंडाशी राहण्याचे भाग्य मुंबईच्या उपनगरांस लाभले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड याच पट्ट्यातून. पुढे परळ, लोअर परळ आणि माटुंगा येथील रेल्वेच्या कारखान्यांत कोकणातून व देशावरून आलेले आपले कितीतरी लोक घणकरी म्हणून, फिटर म्हणून लागले. गिरण्यांच्या दुरुस्तीखात्यांतही ते होते. कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा मोटारींचा कारखाना निघाला. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहिले. अंधेरीस मरोळची औद्योगिक वसाहत झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या. कुर्ल्याचा तो मोटारकारखाना गेला आणि त्या जागी वसाहत झाली. आग्रा रोडवर जेथे भोंगे वाजत तेथे आता मॉल आहेत. उद्योग गेले, त्यांचे पोलाद मात्र एकदम गेले नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत, साकीनाक्याजवळच्या खैरानी रोडवर, खाली रे रोडच्या दारूखान्यात, जेथे जुनी जहाजे तोडण्याचा धंदा वाढला, तेथे ते ढिगाने येत राहिले. ज्याला ओळख आहे त्याला त्या ढिगात हत्यारे दिसतात. ज्याला नाही त्याला गंज दिसतो.

तेव्हा पहिली विद्या ती ओळखण्याची. आपल्या बोलीत पोलादास ‘तिखे’ असा सुंदर शब्द होता. आजच्या मुलांस तो सांगितला तर मिरचीची आठवण येईल. लोखंडाचे तिखेपण त्यातील कार्बनवर, म्हणजे कोळशाच्या अंशावर अवलंबून असते. खिडकीच्या गजाच्या साध्या मऊ लोखंडात तो शंभरात सुमारे पाव भाग किंवा त्याहून कमी असतो. मोटारीच्या पाट्यात अर्ध्याच्या थोडा वर. आजच्या रुळात सहा दशांशापासून आठ दशांशापर्यंत. बेअरिंगच्या कड्यात सुमारे एक, आणि चांगल्या कानशीत एकाहूनही अधिक. तोच अंश दोनाच्या वर गेला की ते बीड झाले, मग ते घणाखाली वाढत नाही, फुटते. एवढ्याशा फरकाने एक तुकडा कधीच कडक होत नाही, दुसरा धार धरतो, आणि तिसरा ऐरणीवर ठेवताच ठिकऱ्या होतो. ईश्वराची लीला म्हणावी तर हीच!

आमच्या वडीलधाऱ्यांस हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांची परीक्षा ठिणगीची असे. सहाणेच्या चाकावर तुकडा टेकविला की मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि सरळ जातात, त्यांना फाटे थोडे. पाट्याच्या ठिणगीला शेवटी फुले फुटतात. कानशीची ठिणगी चाकापासूनच फुलबाजीसारखी तडतडते. बिडाची ठिणगी आखूड व तांबूस असते. दुसरी परीक्षा मोडण्याची. तुकड्याचे टोक लाल करून पाण्यात बुडवावे आणि पकडीत धरून घाव घालावा. वाकले तर ते आपल्या धारेच्या कामाचे नव्हे. काडकन मोडले आणि मोडीचा दाणा राखेसारखा बारीक दिसला तर ते तिखे. या दोन परीक्षांस चाक, पकड आणि बादली यांपलीकडे काही लागत नाही. आज पोलादाच्या प्रत्येक जातीस क्रमांक आहे आणि बाजारात ते क्रमांकाने मिळते. पण मोडीतील तुकड्यावर क्रमांक कोठला? तेथे डोळाच पाहिजे.

कधीकधी डोळाही फसतो, ते सांगतो. रेल्वेच्या सांध्याच्या ठिकाणी, जेथे रूळ रुळाला छेदतो, तेथील ओतीव भाग अनेकदा मँगॅनीज पोलादाचा असतो. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली हे पोलाद शोधले. त्याला चुंबक धरत नाही. आणि जसजसे ठोकावे तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होतो. कानस त्यावर नुसती घसरते. तसला तुकडा फुकट मिळाला तरी कापण्याच्या भरीस पडू नये. दुसरी फसगत इमारतीच्या सळईची. नव्या बांधकामाच्या पीळदार सळया वरून कडक असतात म्हणून पुष्कळ लोक त्यांच्या छिन्न्या करावयास जातात. परंतु तो कडकपणा कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याने वरच्या थरास दिलेला असतो. भट्टीत घातला की निघून जातो, आणि आत कार्बन बेताचाच असल्यामुळे पुन्हा मनाजोगता चढत नाही. त्या सळयांचे आकडे करावेत, टेकू करावेत, छिन्नी करू नये.

आता हत्यारांकडे वळू. ऐरणीपासून आरंभ करावा हे उचित. नवी घडीव पोलादाची ऐरण महाग आणि दुर्मीळ आहे. बाजारात बिडाच्या ओतीव ऐरणी मिळतात, त्यांवर काम करणे म्हणजे उशीवर ठोकणे होय. यावर रुळाचा तुकडा हा उत्तम तोडगा. परंतु बहुतेक लोक तो आडवा ठेवतात, आणि तेथेच चुकतात. आडव्या रुळाची कंबर बारीक, त्यामुळे घाव पडला की तो थरथरतो, घुमतो आणि घावाचे बळ खातो. तोच तुकडा उभा करावा. आजकालचा जड रूळ एका मीटरला ६० किलो भरतो. त्याचा दोन फुटांचा तुकडा उभा केला तर छत्तीस किलोंहून अधिक वजन नेमके घावाच्या खाली येते. वरचे तोंड जेमतेम तीन इंच रुंद राहते हे खरे, पण घणाचे तोंड तरी केवढे असते? शिवाय त्या तोंडाला एकीकडे जाड डोके, मध्ये बारीक कंबर आणि दुसरीकडे रुंद तळ असे तीन वेगळे काठ मिळतात. एकावर पट्टी वाढवावी, दुसऱ्यावर वाकवावी, तिसऱ्यावर खांदा पाडावा. हा तुकडा बाभळीच्या ओंडक्यात खोबण करून घट्ट बसवावा. गावाकडे बसून काम करण्याची रीत असल्याने ऐरण जमिनीत गाडीत. येथे फरशीवर ती सोय नाही.

रुळाबाबत एक इशारा येथेच देतो, कारण उत्साहाच्या भरात तरुण मंडळी रुळाकडेच्या पडक्या तुकड्याकडे पाहू लागतील. तो कितीही गंजलेला दिसो, तो रेल्वेचा आहे. आणि रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. रेल्वे मोडीचा लिलाव करते. लिलावातील माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडून पावती घेऊनच तुकडा आणावा, आणि पावती जपून ठेवावी.

सांडशीस मात्र तिखे वापरू नये. सांडशी दिवसातून शंभर वेळा तापते आणि शंभर वेळा पाण्यात बुडते. ती कडक लोखंडाची असेल तर कधी हातात मोडेल याचा नेम नाही. तिला मऊ लोखंडच हवे. यासाठी पुनर्विकासात पाडलेल्या चाळींच्या खिडक्यांचे जुने चौकोनी गज अत्यंत सोयीचे. अर्ध्या-पाऊण इंचाचे दीड-दीड फुटाचे दोन गज घ्यावेत. एक चतुर्थांश भाग जबड्यास ठेवून, पुढे बिजागरीचा सपाट भाग, आणि उरलेला भाग लांबवून मुठी. शिकाऊ मुलाचे पहिले काम हेच असावे, कारण यात वाढविणे, खांदा पाडणे, भोक पाडणे आणि रिवेट ठोकणे असे चारही धडे आले. जुन्या गजांवरील रंगात शिसे असू शकते. तो मोकळ्या जागी, तोंडाला फडके बांधून, पाणी मारून खरवडून काढावा. भट्टीत जाळून काढू नये.

घणास आणि हातोडीस मालमोटारीचा आस घ्यावा. तो इतका कठीण नसतो की फुटावा, आणि इतका मऊही नसतो की तोंड पसरावे. त्याच आसाचे चकतीसारखे टोक उभे केले तर पत्र्याच्या कामाची लहान ऐरण होते. छिन्नी व सुंबा यांस मोटारीची वेटोळ्याची कमान, म्हणजे स्प्रिंग; किंवा रस्ते फोडण्याच्या यंत्राची झिजलेली छिन्नी. या शहरात रस्ता फोडण्याचे काम बारमाही चालते, तेव्हा या मालाची टंचाई पडण्याचे भय नाही! मालमोटारीचा चपटा पाटा कोयता, विळा, वाकस यांस उत्तम. नेपाळात खुकरी घडविणारे कामी जातीचे कारागीर मालमोटारीच्या पाट्यावरच विसंबून आहेत; आणि आफ्रिकेत नैरोबी शहराच्या कामुकुंजी भागात भर उन्हात बसून मोडीच्या लोखंडातून पेट्या, चुली, अवजारे घडविणारा मोठा कारागीर-वर्ग आहे. त्यांच्या धंद्यास तेथे ‘जुआ काली’, म्हणजे ‘तळपते ऊन’, असेच नाव पडले आहे. मोडीच्या लोखंडावर जगणे ही आपल्याच नशिबी आलेली हलकी गोष्ट आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांच्यासाठी हे सांगितले.

भट्टीचे तर काय सांगावे! मालमोटारीचा झिजलेला ब्रेक-ड्रम उलटा न करता सरळ ठेवावा, खालच्या भोकातून लोखंडी नळी द्यावी, वर जाळी बसवावी, झाली भट्टी. बिडाचा असल्याने तो आच सोसतो. भात्याऐवजी हाताने फिरवावयाचा पंखा पुरे.

पाणी देण्याची क्रिया ही या साऱ्याची कसोटी. हत्यार कितीही सुबक घडले असले तरी पाणी चुकले की ते व्यर्थ. तापत असलेल्या टोकास मधूनमधून चुंबक लावावा. पोलाद ७७० अंशांच्या सुमारास तापले की चुंबक धरावयाचे सोडतो. त्याहून किंचित अधिक लाली आली की बुडवावे. पाट्याचे आणि कमानीचे पोलाद पाण्यात बुडविले तर अनेकदा तडकते. त्यास तेल हवे. शेंगदाण्याचे अथवा सरकीचे जुने तेल चालते. इंजिनाचे जळके तेल फुकट मिळते, पण त्याचा धूर छातीला वाईट. तेलात बुडविले तरी आपण ‘पाणी दिले’ असेच म्हणणार, ही भाषेची गंमत. यानंतर हत्यार काचेसारखे ठिसूळ असते. ते विटेने घासून उजळ करावे आणि मंद आचेवर मागच्या बाजूने पुन्हा तापवावे. उजळ भागावर रंग चालत येतात: प्रथम गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. लाकडाच्या पटाशीस पिवळ्यावर थांबावे, ते सुमारे २३० अंश झाले. लोखंड कापण्याच्या छिन्नीस जांभळा येऊ द्यावा, म्हणजे २८० च्या आसपास. छिन्नीच्या डोक्यास, जेथे घण पडतो तेथे, पाणी देऊच नये. ते मऊच राहिले पाहिजे. आणि मार खाऊन त्याच्या कडा छत्रीसारख्या पसरल्या की त्या सहाणेवर काढून टाकाव्यात. त्या कडांचा कपचा उडून डोळे गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तेव्हा आणखी दोन गोष्टी. जस्ताचा मुलामा दिलेली नळी वा पत्रा भट्टीत घालू नये. जस्त जळून पांढरा धूर उठतो, आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आणि मोटारीचे हादरे शोषणारे बंद नळकांडे तसेच्या तसे आगीत टाकू नये. आतील तेल तापून ते बॉम्बासारखे फुटते. जुन्या लोकांस हे माहीत नव्हते असे नाही, पण जे माहीत होते ते त्यांनी मुलांस शिव्या देऊन सांगितले, आणि मुलांनी शिव्या तेवढ्या लक्षात ठेवल्या.

आमच्या तरुण अभियंता मंडळींचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. संगणकावर चालणारी यंत्रे सुताच्या शतांशाइतके माप राखतात, त्या काळात ठिणगीवरून लोखंड ओळखण्याचे कौतुक कशाला? आमचे म्हणणे इतकेच की, जो मुलगा एकदा स्वतः पाट्याची छिन्नी घडवून, तिला पाणी देऊन, ती मोडून पुन्हा घडवितो, त्याला महाविद्यालयात धातुशास्त्राचा आलेख शिकवावा लागत नाही. त्याने तो आलेख हाताने चाललेला असतो. आपल्या ज्ञातीत अभियंते पुष्कळ झाले, पुढेही व्हावेत. परंतु आजोबांच्या हातातील ज्ञान आणि नातवाच्या पुस्तकातील ज्ञान ही एकच वस्तू आहे, हे दोघांसही कोणी सांगितले नाही. यात हानी दोघांची झाली आहे.

सरकारचेही लक्ष अलीकडे या धंद्याकडे गेले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले असून त्यांत लोहार आहे, आणि हातोडे व अवजारसंच घडविणारा कारागीर हा निराळा व्यवसाय म्हणूनही आहे. प्रशिक्षणाबरोबर १५,००० रुपयांपर्यंतचा अवजार-संच आणि अल्प व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. योजना चांगली आहे. पात्र सभासदांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र जो सर्वांची अवजारे घडवितो त्यालाच तयार अवजारांची पेटी द्यावी लागते, हे वाचून आम्हांस थोडे हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख न करणे हा अन्याय होईल. भाता कोण ओढीत असे? घण कोण उचलीत असे? घिसाडी कुटुंबांत आजही रस्त्याच्या कडेला पुरुष सांडशी धरून बसतो आणि समोर उभी राहून घण घालते ती त्याची बायको किंवा बहीण. आपल्या घरांतही दोन पिढ्यांपूर्वी भाता बायकांच्याच हाती होता. आच किती झाली हे त्या धुराच्या रंगावरून सांगत. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडण्याचे काम तेवढे त्यांच्याकडे राहिले, आणि आता त्या पाटावर लॅपटॉप आणि मोटारीच्या किल्ल्या असतात. असो. आम्ही जो वर्ग काढू म्हणतो त्यात मुलींस मुलांइतकीच जागा राहील, हे कार्यकारिणीने मान्य केले आहे.

त्या वर्गाविषयी सांगून आम्ही आपली रजा घेतो. एका सभासदांनी मुलुंड येथील आपल्या गाळ्यापुढील मोकळी जागा रविवारी सकाळी वापरण्यास देऊ केली आहे. शिकविण्यास तीन वडीलधारी कारागीर तयार आहेत. त्यांपैकी दोघे सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा विलंब करण्यासारखी स्थिती नाही. सोळा वर्षांवरील आठ मुले-मुली प्रथम घ्यावयाची असून पहिल्या सहा रविवारी प्रत्येकाने आपली सांडशी व एक छिन्नी पुरी करावयाची आहे. भट्टीसाठी ब्रेक-ड्रम मिळाला आहे. बाभळीचा ओंडका मिळाला आहे. रुळाचा तुकडा पावतीसह ठरला आहे. हवा देण्याचा पंखा, सहाणेचे चाक, पकड आणि डोळ्यांवरचे आठ चष्मे व्हावयाचे आहेत.

ज्या सभासदांच्या घरी जुनी ऐरण, सांडशा, सुंबे पडून आहेत आणि ज्यांस नव्या घरात ते ठेवण्यास जागा नाही, त्यांनी भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात एक निरोप द्यावा. मालाचे वजन करून बाजारभावाने किंमत देण्याची मंडळाची तयारी आहे. देणगी म्हणून दिल्यास हत्यारावर त्या घराण्याचे नाव कोरून ठेवू. उचलून नेण्यास माणसे आम्ही पाठवू. मात्र ते सांभाळून ठेवणारे वडीलधारे गृहस्थ घरी असतील अशा वेळी बोलवावे, म्हणजे कोणती सांडशी कोणत्या कामाची, एवढे विचारून लिहून घेता येईल.